पाणी नेमकं कुठं मुरतंय? नव्या होम इन्स्पेक्टरसाठी मॉइश्चर मीटरची निवड

बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग आहे. ओल मोजायचा पिनवाला मीटर त्यात टोचला की पडद्यावर १९ दिसतात. पिनलेस मीटर तिथंच टेकवला की ७४. दोन्ही यंत्रं धडधाकट आहेत. पहिल्याने विजेला होणारा रोध मोजून तो लाकडाच्या टक्केवारीत सांगितला. दुसऱ्याने शून्य ते शंभर अशा स्वतःच्याच मोजपट्टीवर आकडा दिला. त्या ७४चा आणि टक्क्यांचा काडीचाही संबंध नाही. नवखा इन्स्पेक्टर नेमका इथं घसरतो आणि अहवालात 'भिंतीत ७४ टक्के ओल' असं लिहून मोकळा होतो.

म्हणून मीटर घेताना 'सर्वांत अचूक कोणता' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. घराच्या पाहणीत मीटरकडून दोन कामं करून घ्यायची असतात. एखादी जागा आसपासच्या कोरड्या जागेपेक्षा वेगळी आहे का ते शोधायचं, आणि वेगळी असेल तर ती पाण्यामुळेच वेगळी आहे का ते पडताळायचं. शोधायला एक तंत्र बरं पडतं, पडताळायला दुसरं. खरेदीतले बाकीचे निर्णय याच्यावरच ठरतात.

पिना काय मोजतात

दोन पिनांमधून अगदी क्षीण वीज सोडली जाते आणि मधल्या मालाचा रोध मोजला जातो. माल जितका ओला तितका रोध कमी. लाकडात हा फरक प्रचंड असतो: डग्लस फर जातीच्या लाकडात ७ टक्के ओलाव्याला रोध वीस हजार मेगओहमच्या (एक मेगओहम म्हणजे दहा लाख ओहम) वर असतो, तर २० टक्क्यांना दोन मेगओहमच्या आसपास उतरतो. म्हणूनच पिन मीटर लाकडावर इतका भरवशाचा वाटतो.

पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. साधारण ६ टक्क्यांच्या खाली रोध इतका वाढतो की मीटरला नीट वाचताच येत नाही. वरच्या बाजूला २८ ते ३० टक्क्यांपर्यंत लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने भरतात. त्यापुढचं पाणी पोकळ्यांत साठतं आणि रोधात फारसा फरक पाडत नाही. पडद्यावर ४५ आले तर त्याचा अर्थ एवढाच की लाकूड भिजून चिंब आहे. ४५ आणि ५५ यांची तुलना करत बसू नका.

टक्केवारीचा हिशोबही आधी समजून घ्या. ती कोरड्या वजनावर काढतात. ११२ ग्रॅमचा तुकडा भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १२ टक्के. नुकत्या तोडलेल्या लाकडात हा आकडा शंभराच्या पुढेही जातो, त्यात चूक काही नसते.

बरेच पिन मीटर डग्लस फर आणि २० अंशांच्या आसपासचं तापमान धरून जुळवलेले असतात. लाकडाची जात बदलली की दुरुस्ती लागते. चांगल्या मीटरसोबत जातींचा तक्ता येतो किंवा जात मीटरमध्येच निवडता येते. तापमानाचंही तेच: गरम लाकूड आहे त्यापेक्षा ओलं दाखवतं, थंड लाकूड कोरडं. ढोबळमानाने १० अंशांच्या फरकाला टक्काभर. उन्हाने तापलेल्या माळ्यावरच्या वाशांचं वाचन घेताना हे विसरलात, तर गळती नसलेल्या छपराखाली गळती 'सापडेल'.

लाकूड नसलेल्या मालावर, म्हणजे गिलावा, वीट, जिप्सम बोर्ड यांवर, पिन मीटर जो आकडा देतो तो 'याच जागी लाकूड असतं तर इतकं ओलं झालं असतं' या अर्थाचा असतो. जिप्सम बोर्ड कोरडा असताना त्यात वजनाच्या एक टक्काही पाणी नसतं. त्यामुळे बोर्डावर लाकडाच्या मोजपट्टीने आलेले १७ म्हणजे बोर्डात १७ टक्के पाणी नव्हे. काही मीटरमध्ये जिप्समची मोजपट्टी वेगळी असते; तुमच्या भागातली घरं जिप्सम बोर्डाची असतील तर ती असलेलाच मीटर घ्या.

पिनलेस काय मोजतो

पिनलेस मीटरच्या पाठीवर एक संवेदक पट्टी असते. ती भिंतीवर टेकवली की मालात विद्युतक्षेत्र पसरतं आणि त्या क्षेत्रावर मालाचा किती परिणाम होतो ते मोजलं जातं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला माल किती प्रतिसाद देतो त्याचं माप) ८०च्या आसपास, कोरड्या लाकडाचा किंवा गिलाव्याचा एक आकडी. त्यामुळे थोडंसं पाणी असलं तरी काटा हलतो. टोचावं लागत नाही, भोक पडत नाही आणि मिनिटभरात अख्खी भिंत चाळून होते.

माहितीपत्रकात खोली २० किंवा २५ मिलिमीटर लिहिलेली असते. ती पूर्ण खोलीभर सारखी ताकद असं समजू नका. पृष्ठभागाजवळचा ओलावा जास्त जोराने नोंदला जातो, खोलवरचा कमी. भिंतीवर आतल्या हवेतल्या वाफेचं दव साचलं असेल तर मीटर तेच जोरात सांगेल आणि मागचं सगळं झाकलं जाईल.

शिवाय त्याला पाणी आणि धातू यांतला भेद कळत नाही. प्लास्टरखालची जाळी, कोपऱ्यातली धातूची पट्टी, पत्र्याचे उभे आधार, फॉइल लावलेलं इन्सुलेशन, चकचकीत वॉलपेपर, पाण्याचा पाइप, विजेची नळी यांच्यावर तो ओल असल्यासारखाच उसळतो. घनता वाढली तरी आकडा चढतो. पातळ बोर्डावरून सरकवताना मागे लाकडी आधार आला की आकडा उडी मारतो. ही उडी नेमक्या अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर ती ओल नाही, भिंतीचा सांगाडा आहे.

मग घ्यायचा कोणता

पहिला मीटर दोन्ही पद्धतींचा, एकाच यंत्रात असलेला घ्यावा. नुसता पिनलेस घेतला तर त्याने दाखवलेली जागा पाणी आहे की पत्रा, याचं उत्तर देता येत नाही. नुसता पिनवाला घेतला तर टाइलमधून पलीकडे बघता येत नाही, आणि भिंतीला किती भोकं पाडणार? प्रोटीमीटरचा सर्व्हेमास्टर हा अशा दुहेरी यंत्राचा जुना, ओळखीचा नमुना. ट्रॅमेक्सचा मॉइश्चर एन्काउंटर पिनलेस, तर डेलमहॉर्स्टचा बीडी-२१०० पिनांचा. हे दोन वेगवेगळे जोडीने वापरणारेही आहेत. वॅग्नरचे मीटर मुख्यत्वे लाकडासाठी, सुतारकामाच्या आणि फ्लोअरिंगच्या माणसाला ते सोयीचे.

नाव पक्कं करण्याआधी पुढच्या क्रमाने जा.

१. तुम्ही ज्या घरांची पाहणी करणार त्यांतले पृष्ठभाग कागदावर उतरवा: लाकडी सांगाडा, जिप्सम बोर्ड, विटेवरचा गिलावा, टाइल, लाकडी फरशी, काँक्रीट, बाहेरून इन्सुलेशन लावून वर प्लास्टर केलेली भिंत. मीटरच्या माहितीपुस्तिकेत यांतल्या कशाकशासाठी वेगळी मोजपट्टी आहे ते जुळवून बघा. पुस्तिका खरेदीच्या आधी वाचा. ज्या मीटरची पुस्तिका चार ओळींची आहे तो मीटर परत ठेवा.

२. पडद्यावर आकडा हवा. हिरवा, पिवळा, लाल एवढेच दिवे असलेला मीटर घेऊ नका. दिव्यांच्या सीमा बहुधा लाकडासाठी ठरवलेल्या असतात आणि गिलाव्यावर त्यांना अर्थ नसतो. आकड्यासोबत दिवे असतील तर हरकत नाही.

३. वायरने जोडायचा बाहेरचा प्रोब (मोजणारं टोक) लावता येतो का ते पाहा. सिंकखालच्या कपाटात मीटर धरून पडदा वाचणं म्हणजे मानेची परीक्षा. वायरचा प्रोब असेल तर हात आत आणि नजर बाहेर ठेवता येते. लांब, इन्सुलेटेड पिनांचे प्रोबही याच जोडणीला लागतात.

४. इन्सुलेटेड पिना मिळतात का हे विचारा. साधी पिन तिच्या संपूर्ण लांबीत जिथं सर्वांत ओलं लागेल तिथलं सांगते. वरचा थर ओला, आत कोरडं, तरी आकडा वरचाच. इन्सुलेटेड पिनेचं फक्त टोक उघडं असतं, म्हणून थोडी थोडी आत ढकलत गेलात की खोलीनुसार ओल वाढते की घटते ते कळतं. आत जाताना आकडा वाढत असेल तर पाणी मागून येतंय, घटत असेल तर पृष्ठभागावरचं दव किंवा सांडलेलं पाणी असण्याची शक्यता जास्त. भिंतीच्या बाबतीत सगळ्यांत जास्त माहिती याच एका तपासणीतून मिळते, आणि नेमकी हीच सोय स्वस्त मीटरमध्ये नसते.

५. तपासणी ठोकळा सोबत येतो का, ते बघा. त्यात ठरावीक रोध बसवलेला असतो. पिना त्यावर टेकवल्या की पुस्तिकेत दिलेला आकडा यायला हवा. ठोकळा नसेल तर मीटर बिघडल्याचं तुम्हाला ग्राहकाच्या वकिलाकडून कळेल.

६. आकडा धरून ठेवणारं बटण, पडद्याला उजेड आणि आवाजाचा इशारा एवढं असावं. अंधाऱ्या कोपऱ्यात, पडदा दिसत नसताना, आवाजावरच काम चालतं. आवाज बंदही करता यायला हवा. घरमालक शेजारी उभा असताना यंत्र किंचाळायला लागलं की पुढची पाहणी समजूत घालण्यात जाते.

फोनला जोडणारं ब्लूटूथ, आलेख, शेकडो जातींची यादी हे सगळं सुरुवातीला नसलं तरी चालतं. हवेची आर्द्रता आणि तापमान मोजण्याची सोय मात्र उपयोगी आहे. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर घरातलं लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ६५ टक्क्यांना १२, आणि ८० टक्क्यांना १६. तळघरातल्या तुळईवर १६ आले आणि हवाच ८० टक्क्यांची असेल तर गळती शोधण्याआधी वायुवीजनाकडे बघा. २० टक्क्यांच्या वर लाकूड दीर्घकाळ राहिलं की बुरशी आणि कुजण्याचा धोका सुरू होतो, ही मर्यादा लक्षात ठेवण्यासारखी.

घरी करायच्या तीन चाचण्या

नवा मीटर घेऊन थेट कामावर जाऊ नका. एक संध्याकाळ आणि थोडं टाकाऊ सामान पुरतं.

पहिली चाचणी धातूची. १२.५ मिलिमीटर जाडीचा, साधारण ३० सेंटिमीटर चौरस जिप्समचा तुकडा दोन काठांवर अधांतरी ठेवा आणि पिनलेसने वाचा. मग त्याखाली लाकडी पट्टी सरकवा, पुन्हा वाचा. मग पोलादी फूटपट्टी. तिन्ही आकडे लिहून ठेवा. बोर्ड तोच, कोरडाच, आणि तरी तीन वेगळी उत्तरं येतील. ती हाताला माहीत झाली की भिंतीवर दचकायला होत नाही.

दुसरी चाचणी पाण्याची. त्याच तुकड्याच्या एका कोपऱ्याखाली चौघडी केलेलं फडकं ठेवा आणि त्यावर ५० मिलिलिटर पाणी ओता. दर पंधरा मिनिटांनी वरच्या बाजूने पिनलेसने वाचा, आणि शेजारी पिना आधी वरवर, मग खोल रोवून वाचा. वरचा कागद बोटाला कोरडा लागत असतानाच पिनलेस आधी हलेल; वरवर टोचलेल्या पिना शांत राहतील, खोल गेलेल्या आधी जागं करतील. फडकं काढल्यावर बोर्ड वाळायला किती वेळ लागतो तेही बघा. कालची गळती आज कशी दिसते याचा अंदाज इथून येतो.

तिसरी मिठाची. विटेचे दोन तुकडे घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरा मिठाच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवा आणि दोन्ही आठवडाभर वाळवा. एखाद्या दमट दिवशी दोन्हींत पिना टेकवा. मिठाची वीट वाळलेली असूनही ओली असल्यासारखी बोलेल, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि त्या खाऱ्या ओलीतून वीज सहज वाहते. जुन्या भिंतींना जमिनीलगत लोणा लागतो, पांढरे क्षार फुटतात, तिथं पिन मीटर नेमका असाच फसवतो. पांढरी पूड दिसली तर ती ब्रशने झाडा आणि आकडा कितीही मोठा आला तरी त्यावरून पाणी अजून येतंय असं ठरवू नका. अशा भिंतीत खरं पाणी किती हे नमुना काढून कार्बाइड मीटरने (नमुन्यातल्या पाण्याची कार्बाइडशी होणारी क्रिया मोजणारं यंत्र) किंवा भट्टीत वाळवून मोजतात. ते तज्ज्ञाचं काम, अहवालात त्याची शिफारस करा.

भिंतीवर प्रत्यक्ष वापरताना

सुरुवात ओल्या वाटणाऱ्या जागेपासून करू नका. त्याच भिंतीवर, त्याच मालावर, डागापासून लांब तीन-चार जागी वाचन घ्या. ते तुमचं कोरडं माप. मग खिडकीच्या खालचे कोपरे, दाराच्या चौकटीचा तळ, छत आणि भिंत मिळते ती रेघ, सिंकचा तळ, शौचकूपाच्या बुडाभोवतीची फरशी आणि स्कर्टिंग या जागा पिनलेसने चाळा. मीटर दर वेळी सारख्याच दाबाने, सपाट टेकवा. खडबडीत गिलाव्यावर खाली हवा राहिली की आकडा पडतो. बोटं संवेदक पट्टीपासून लांब ठेवा, हातातही पाणीच असतं.

आकडा वाढला की त्या जागेभोवती १५ ते २० सेंटिमीटरवर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वाचत जा आणि कोरडं माप परत येईल तिथं कागदी टेपचा तुकडा चिकटवा. चार-सहा तुकड्यांत ओलीचा आकार भिंतीवर उभा राहतो. वरून खाली रुंदावणारा असेल तर पाणी वरून, जमिनीलगत आडवा पसरलेला असेल तर खालून किंवा फरशीवरून. आता घरमालकाला विचारून, स्कर्टिंगच्या मागे किंवा कपाटाच्या आत न दिसणाऱ्या जागी पिना टोचून पडताळा. भोकं अगदी बारीक असली तरी न विचारता टोचू नका.

टाइलवर जरा थांबून विचार करा. शॉवरच्या टाइलमागचा मसाला आणि सांधे रोजच्या वापराने ओले राहतात, गळती नसली तरी. तिथं आकडा मोठा आला म्हणजे फुटलेला पाइप असं नाही. शॉवर शेवटचा कधी वापरला ते विचारा, समोरासमोरच्या दोन भिंती एकाच उंचीवर मोजून तुलना करा, आणि पलीकडच्या खोलीची बाजू आधी तपासा. पलीकडे कोरडं असेल तर निष्कर्ष सौम्य ठेवा.

तांबंयुक्त औषध मारलेल्या लाकडावर पिन मीटर जास्त दाखवतो. अशा लाकडात शेजारच्या, नक्की कोरड्या फळीशी तुलना करण्याला पर्याय नाही. थर्मल कॅमेरा हाताशी असेल तर त्याने फक्त कुठं मोजायचं ते ठरवा. तो तापमान दाखवतो, पाणी नाही. इन्सुलेशन सुटलेली जागाही ओलीसारखीच थंड दिसते.

काँक्रीटच्या लादीवर लाकडी फरशी घालता येईल का, हा प्रश्न या मीटरने सोडवू नका. पृष्ठभागावरचं वाचन फक्त प्राथमिक. त्यासाठी लादीत भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब बसवतात. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या एफ२१७० या मानकानुसार लादी एकाच बाजूने वाळत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवर, दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर २० टक्क्यांवर, आणि प्रोबला २४ तास स्थिरावू देऊन.

अहवालात काय लिहायचं

मीटरचं नाव, पद्धत, निवडलेली मोजपट्टी, कोरडं माप आणि संशयित जागेचं माप, एवढं एकत्र असलं की वाक्य टिकतं. उदाहरणार्थ: 'पूर्वेकडच्या खिडकीखाली पिनलेस पद्धतीने, सापेक्ष पट्टीवर ७४; त्याच भिंतीवर इतरत्र १५ ते १८. पिनांनी पडताळल्यावर लाकडी चौकटीत २४ टक्के. खिडकीच्या सांध्याची तपासणी प्लंबर अथवा छपराच्या कामगाराने नव्हे, खिडकी बसवणाऱ्याने करावी.' तारीख आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस होता का हेही जोडा. कोरड्या हवेत महिनाभर पाऊस नसताना छत कोरडं वाचलं, तर 'गळती नाही' असं न लिहिता 'पाहणीच्या वेळी ओल आढळली नाही' असं लिहा.

देखभाल

पिना वाकल्या किंवा बोथट झाल्या की बदला. चार-सहा जादा पिना पेटीत असू द्या. त्या धरणारी नट हातानेच घट्ट करा, पाना लावलात तर आटे जातात. गिलाव्याची पूड आणि लाकडाचा चीक स्पिरिटने पुसा, नाहीतर दोन पिनांच्या बुडाशी साचलेला थरच वीज वाहू देतो आणि हवेत धरलेला मीटर आकडा दाखवू लागतो. कामाला निघण्यापूर्वी ठोकळ्यावर एकदा आणि पिनलेस हवेत धरून एकदा तपासा. हवेत शून्य यायला हवा. बॅटरी उतरत आली की वाचनं भरकटतात, म्हणून इशाऱ्याची वाट न बघता बदला. मीटर बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. तिचं पाणी आत गळलं की संपर्कपट्ट्या गंजतात.